बेटावर मदतीला जाताना



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी माण तालुक्यातल्या एका वाडीतली, बी.एस्सी. झालेली. बरोबर वडील होते. हिंदी महासागरात सेशेल्स नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या एका लहानशा बेटावर पक्षी आणि कासवे यांच्या रक्षणाचे काम चालते, आणि त्या कामाला दोन-तीन महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून जायचे तिच्या मनात होते. अर्ज कसा लिहावा, बरोबर काय न्यावे, हे ती विचारायला आली होती. तिचे बोलणे संपेपर्यंत वडील गप्प होते. मग म्हणाले, "सर, खर्चाचं बघू कायतरी. पण मला एवढंच सांगा, ही तिथं जाऊन त्यांच्या उपयोगी पडंल, का त्यांनाच हिला सांभाळावं लागंल?"

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आले नाही. त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला मोठा पूर आला, तेव्हा मी पंचवीस विद्यार्थी घेऊन एका गावी मदतीला गेलो होतो. अंगात उत्साह होता, पायात चपला होत्या, आणि पंचवीस जणांत पाण्याच्या वीस बाटल्या. दुपारपर्यंत पाणी संपले. चिखल उपसताना एका मुलाच्या पायात पत्रा घुसला. त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला गावचे दोन तरुण आपले काम टाकून मोटारसायकलवरून तालुक्याला घेऊन गेले. संध्याकाळी, पुराने घर गेलेल्या माणसांसाठी शिजवलेला भात आम्ही पंचवीस जणांनी खाल्ला. निघताना तिथल्या एक आजी म्हणाल्या, "आलासा, बरं वाटलं बाबा. पुढच्या बारीला येताना भाकरी बांधून आणा." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून आज बेटावर जाण्याच्या तयारीविषयी बोलताना मी त्या शेतकऱ्याचा प्रश्नच पुढे ठेवतो. मदतीला जाणारा माणूस उपयोगी कधी पडतो, आणि ओझे कधी होतो?

आधी ते बेट कुठे आहे ते पाहू. मुंबईहून नैर्ऋत्येला सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरांवर, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला सेशेल्स आहे. एकूण शंभरावर बेटे आणि वस्ती लाखाच्या थोडी वर. १९७६ साली हा देश स्वतंत्र झाला. तिथल्या नाण्यालाही रुपयाच म्हणतात, मात्र तो रुपया वेगळा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. आणखी एक नाते आहे, ते वाऱ्याचे. मे ते सप्टेंबर या काळात त्या समुद्रावर आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. तेच वारे विषुववृत्त ओलांडले की वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे पाऊस आणतात. म्हणजे ज्या वाऱ्याची आपला शेतकरी मृगात वाट पाहतो, तो आधी त्या बाजूने आलेला असतो. त्या महिन्यांत तिथला समुद्र खवळलेला असतो, आणि लहान होडीने बेटावर उतरणे अवघड जाते. जाण्याचा महिना ठरवताना हे ध्यानात ठेवायला हवे.

या देशातले एक बेट कझिन. प्रालँ नावाच्या मोठ्या बेटाजवळचे हे बेट तीस हेक्टरांपेक्षाही लहान, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीच्या शिवारापेक्षा लहान म्हणा ना. पूर्वी तिथले मूळचे रान तोडून नारळाची लागवड केलेली होती. रान गेले तशी त्या रानातली पाखरेही गेली. सेशेल्सचा वटवट्या नावाचा एक चिमुकला पक्षी त्या सुमारास साऱ्या जगात फक्त या एका बेटावर उरला होता, आणि त्याची संख्या तिसाच्याही आत आली होती. १९६८ साली पक्षिरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे बेट विकत घेतले. नारळ हटवून मूळची झाडे पुन्हा वाढू दिली. पाखरे वाढत गेली आणि काही वर्षांत तीनशेच्या वर पोचली. पुढे १९८८ साली त्यांतले २९ पक्षी आरीद नावाच्या दुसऱ्या बेटावर नेऊन सोडले, नंतर आणखी बेटांवर नेले. आज पाच बेटांवर मिळून हे पक्षी तीन हजारांच्या घरात आहेत. १९९८ पासून कझिनची व्यवस्था नेचर सेशेल्स ही तिथलीच संस्था पाहते.

आता गंमत अशी की, आपल्या प्रश्नाचे उत्तर या पाखरालाच ठाऊक आहे. या वटवट्यांत पिले मोठी झाली तरी सगळीच लगेच घर सोडत नाहीत. काही, बहुतेक माद्या, आईबापांच्याच हद्दीत राहतात, घरटे बांधायला, अंडे उबवायला, लहान भावंडाला भरवायला मदत करतात. एका परीने तेही स्वयंसेवकच. संशोधकांनी पाखरांच्या पायांत रंगीत कडी घालून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, तेव्हा एक गोष्ट दिसून आली. ज्या हद्दीत किडे भरपूर, तिथे एक-दोन मदतनीस असले की पिले अधिक जगतात. पण ज्या हद्दीत किडे थोडे, तिथे हेच मदतनीस असलेले अन्न खाऊन टाकतात आणि पिले कमी जगतात. याहून नवलाची गोष्ट म्हणजे, अन्नाची चणचण असलेल्या हद्दीतल्या मादीला बहुतांशी नर पिले होतात, कारण नर मोठा होऊन दूर निघून जातो. आणि सुबत्तेच्या हद्दीतल्या मादीला बहुतांशी मादी पिले होतात, जी मदतीला राहतात. हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

यातून आपण एवढेच घ्यायचे की, मदतनीसाचे मन चांगले असून भागत नाही. जिथे जायचे तिथे अन्न किती, पाणी किती, जागा किती, हे पाहून जावे लागते. लहान बेट ही चणचणीची हद्द आहे. गोडे पाणी मोजके असते, धान्य होडीने येते, आजारी पडले तर डॉक्टर पलीकडच्या बेटावर. तिथे प्रत्येक जादा माणूस आधी खाणारे तोंड असतो, कामाचे हात नंतर. ती वजाबाकी भरून काढील एवढे काम त्याच्या हातून झाले, तरच त्याच्या जाण्याला अर्थ.

आता तयारी. मी ती पाच भागांत सांगतो.

पहिला भाग कागदपत्रांचा आणि पैशांचा. स्वयंसेवकाला बोलावणाऱ्या संस्था तऱ्हेतऱ्हेच्या असतात. काही जेवणराहण्याचे देतात, काही स्वयंसेवकाकडूनच पैसे घेतात. पैसे घेणे मुळातच वाईट, असे समजू नये. बेटावर तांदळाचे पोते पोचवायलाही होडी लागते. पण पैसे कशाचे, हे लेखी विचारावे. काम रोज किती तास, कामाचा प्रमुख कोण, राहणे-जेवण-होडी यांचा खर्च कोणाचा, आजारी पडल्यास दवाखान्यात नेण्याची सोय काय, विमा कोणी उतरवायचा, जाणे रद्द झाले तर पैसे परत मिळतात का, आणि देशात शिरताना परवाना कोणत्या प्रकारचा लागेल, या सात प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. परवान्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. आपण पगार घेत नाही, म्हणजे आपण पाहुणेच, असे पुष्कळांना वाटते. पुष्कळ देशांचे कायदे तसे मानत नाहीत. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे जवळ आहेत याचा दाखला, हे सेशेल्समध्ये उतरताना दाखवावे लागते.

पालकांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. या कामासाठी जमीन गहाण टाकू नका, दावणीचे जनावर विकू नका. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथेही खरे आहे. कर्ज काढून केलेली सेवा मुलाच्या डोक्यावर बसते, आणि तिथे त्याचे चित्त कामात लागत नाही. पैसे नसतील तर याच तोडीचे काम आपल्या किनाऱ्यावर आहे. त्याविषयी पुढे बोलणारच आहे.

दुसरा भाग शरीराचा. बेट म्हटले की डोळ्यांपुढे माडांची सावली येते. प्रत्यक्षात दमट उकाडा, तापलेली वाळू आणि पहाटेपासूनची पायपीट असते. निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालायला लागावे. आधी रिकामे, मग पाठीवर पाच-सात किलो घेऊन. नदीच्या वाळूतून किंवा नांगरटीतून चालता आले तर उत्तम. पोहता येत नसेल तर शिकावे. आमच्या विद्यार्थिनीला पोहता येत होते. लहानपणी चुलत्याने पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले होते. पण विहिरीचे पाणी आणि समुद्राची लाट यांत फरक आहे. कझिनवर धक्का नाही. होडी लाटेबरोबर सरळ वाळूवर चढवतात आणि झटकन उतरावे लागते. उतरताना हात मोकळे हवेत, सामान पाण्याला न भिणाऱ्या पिशवीत हवे, आणि होडीवाला सांगेल तेव्हाच पाय टाकायला हवा.

डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि दातांची आठवणीने. घरी दाढ दुखली तर आपण लवंग धरून रात्र काढतो. बेटावर त्याच दाढेपायी होडी, माणूस आणि एक दिवस खर्ची पडतो. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. बाकीच्या लशी डॉक्टरांना जाण्याचे ठिकाण सांगून ठरवाव्यात. सेशेल्समध्ये हिवताप नाही, पण डेंग्यू आहे. २००५-०६ साली हिंदी महासागरातल्या बेटांवर चिकनगुन्याची मोठी साथ आली, आणि त्याच सुमारास आपल्याकडेही ती पसरली, हे आपल्यातल्या अनेकांच्या सांध्यांना आठवत असेल. हे डास दिवसा चावतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. कोकणातल्या लोकांना ठाऊक असलेला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, त्या देशातही आहे. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय ओल्या मातीत जाऊ नये. रोजची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चष्मा असेल तर दुसरा जोड न्यावा. मुलींनी पाळीच्या दिवसांचे सामान पुरेसे न्यावे, आणि बेटावर कचरा टाकायला जागा नसते हे ध्यानात ठेवून ते निवडावे. उन्हाने अंगातले पाणी गेले तर काय करायचे, हे पाठ असावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यात अंदाजपंचे चालत नाही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

तिसरा भाग सामानाचा, आणि मला विचाराल तर सर्वांत मोलाचा. आपण काय नेतो यापेक्षा आपल्याबरोबर नकळत काय जाते, याची बेटाला भीती असते. फ्रेगेट नावाच्या बेटाची हकिगत ऐका. आपल्या अंगणात शेपटी वर करून गाणारा दयाळ तुम्ही पाहिला असेल. त्याच कुळातला एक काळा दयाळ सेशेल्समध्ये आहे. १९६० च्या दशकात तो फक्त फ्रेगेटवर उरला होता, आणि तोही डझन-दीड डझन. पुष्कळ खटपटीने त्याची संख्या वाढू लागली होती. अशात १९९५ साली त्या बेटावर उंदीर पोचले. उंदीर अंडी खातो, पिले खातो, आणि त्याची वीण किती वेगाने होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते उंदीर नाहीसे करायला २००० साल उजाडले. सुदैवाने त्यापूर्वीच काही दयाळ कझिनवर आणि इतरत्र नेऊन ठेवले होते. कझिनवर उंदीर नाहीत, आणि ते येऊ नयेत म्हणून आजही पाहुण्यांना आपल्या होडीतून उतरवून बेटाच्या स्वतःच्या होडीत घेतात, मगच किनाऱ्याला नेतात.

उंदीर निदान दिसतो. मुंगी, गोगलगाय, गवताचे बी दिसत नाही. म्हणून सामान भरण्याची रीत सांगतो. पिशवी अंगणात आणून पूर्ण रिकामी करावी, उलटी करून झटकावी आणि दिवसभर उन्हात ठेवावी. प्रत्येक खिसा बाहेर काढून पाहावा. बुटाच्या तळव्यातली माती काडीने कोरून काढावी, मग ब्रशने साबणपाण्यात धुवावी आणि बूट पूर्ण वाळू द्यावेत. शेतात वापरलेले मोजे नेऊच नयेत, नवे घ्यावेत. छत्री, टोपी, चटई, सगळे तपासावे. घरातली बाईमाणसे प्रेमाने काय काय बांधून देतात, तेही पाहावे. शेंगदाणे, कच्चे कडधान्य, हळकुंड, पर्समध्ये जपून ठेवलेली तुळशीची मंजिरी, ही आपल्या दृष्टीने शिदोरी किंवा प्रसाद. बेटाच्या दृष्टीने ती परकी पेरणी आहे. कोणता खाऊ चालेल हे संस्थेला आधी विचारावे, आणि विमानतळावर विचारले तर लपवू नये. अशा बऱ्याच बेटांवर उतरल्यावर सामान एका बंद खोलीत पुन्हा उघडायला लावतात. त्यात अपमान मानू नये. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आपण पाय धुऊनच जात होतो ना? तसेच हे समजावे.

चौथा भाग कामाचा. पुष्कळांची समजूत असते की, बेटावर जाऊन कासव उचलायचे, पाखराला दाणा घालायचा. खरे काम त्याच्या उलट, हात न लावण्याचे आणि मोजण्याचे असते. सेशेल्सच्या किनाऱ्यांवर हॉक्सबिल जातीची कासवे अंडी घालायला येतात. तोंड ससाण्याच्या चोचीसारखे बाकदार, म्हणून हे नाव. याच्या कवचाच्या सुंदर वस्तू होत, म्हणून पूर्वी त्याची बेसुमार शिकार झाली; १९९४ साली सेशेल्सने हा व्यापार बंद केला. बहुतेक ठिकाणी कासवे रात्री किनाऱ्यावर येतात, पण इथली हॉक्सबिल दिवसाउजेडी येतात. मुख्य हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. मादी वाळू चढत असताना समोर गेले तर ती घाबरून परत फिरते, म्हणून मागे, खाली बसून, मुकाट्याने थांबावे लागते. मग वेळ, जागा, मागे उमटलेला माग, पायावर खुणेची पट्टी असल्यास तिचा क्रमांक, हे सगळे वहीत उतरवायचे. किनाऱ्यावर फेरी मारली आणि एकही कासव दिसले नाही, तर तेही लिहायचे. "आज काही नाही" ही नोंद असते. कोरे पान ही नोंद नसते. कझिनवर अशा नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत, म्हणून कासवे वाढली हे ठामपणे सांगता येते. एका आळशी माणसाने अंदाजाने आकडा भरला, तर पुढच्या पिढीचा हिशेब चुकतो.

पाऊल टाकतानाही शिस्त लागते. काही समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. पायवाट सोडून चाललात तर बीळ ढासळते आणि पिलू आत गाडले जाते. पांढरी कुररी नावाचा पक्षी घरटे बांधतच नाही. उघड्या फांदीच्या खोबणीत एकच अंडे ठेवतो. टेकायला म्हणून फांदीला हात लावला, तर अंडे खाली. पिसोनिया नावाच्या झाडाची बी इतकी चिकट असते की, पक्ष्याच्या पंखांना ती लगडून त्याला उडता येत नाही. अशा वेळी काय करायचे, ते आपल्या मनाने ठरवायचे नसते. बेटाचा रक्षक सांगेल तसे करायचे.

कष्टाचे कामही असते. सेशेल्सच्याच टोकाला, मुख्य बेटांपासून हजारावर किलोमीटर दूर, अल्डाब्रा नावाचे प्रवाळबेट आहे. सुमारे एक लाख महाकाय भूकासवे तिथे राहतात. १९८२ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. माणसाची वस्ती जवळजवळ नाहीच. तरी समुद्र तिथे साऱ्या जगाचा कचरा आणून टाकतो. २०१९ साली बारा स्वयंसेवक तिथे पाच आठवडे राबले आणि त्यांनी २५ टन कचरा गोळा केला. त्यात वजनाने सर्वांत जास्त माशांची जाळी आणि दोर, आणि त्याखेरीज रबरी चपलांचे ढीग. मागे ५०० टनांच्या वर कचरा उरला असावा, असा हिशेब नंतर मांडला गेला. तो काढायला अठरा हजार मनुष्यतास लागतील. ओल्या वाळूत रुतलेले जाळे उपसणे म्हणजे काय, हे ऊसतोडणी केलेल्या माणसाला लवकर समजेल. शहरातल्या हौशी तरुणापेक्षा आपला खेड्यातला मुलगा इथे अधिक उपयोगी पडेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आणि आपल्या किनाऱ्यावरून समुद्रात फेकलेली चप्पल बुडत नाही, कुठेतरी लागते, एवढे त्याने परत येऊन सांगितले तरी पुष्कळ झाले.

पाचवा भाग मनाचा आणि माणसांचा. आठ-दहा माणसे, एकच स्वयंपाकघर आणि चोहोकडे पाणी. पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्यात घरची आठवण येते. तिसऱ्यात शेजाऱ्याच्या खोकल्याचाही राग येतो. म्हणून स्वयंपाक, भांडी, झाडलोट आपल्या पाळीला न सांगता करावी. वरण-भात, पोळी करता येणे ही बेटावर पदवीइतकीच मोठी लायकी आहे; मुलग्यांनीही ती मिळवून जावे. मांसमच्छी खात नसाल तर आधी कळवावे, आणि मग मिळेल त्यात भागवावे. तिथे क्रिओल, इंग्रजी आणि फ्रेंच चालते. कामाचे इंग्रजी यायला हवे, पण भेटल्यावर 'बोंझूर' आणि मदत झाल्यावर 'मेर्सी' म्हणायला व्याकरण लागत नाही. बेटावरचे रक्षक तिथलेच असतात. त्यांच्यातल्या एखाद्याची शाळा लवकर सुटली असेल, पण वारा फिरलेला त्याला आपल्या आधी कळतो. त्याला पुस्तकातले शिकवायला जाऊ नये. हवशे, नवशे आणि गवशे असे जत्रेला जाणारे तीन प्रकार आपण सांगतो. बेटाला चौथ्या प्रकारचा माणूस हवा असतो, जो सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे करतो आणि त्याचा गवगवा करत नाही.

आता शिक्षकबंधू-भगिनींसाठी दोन शब्द. ही सारी तयारी गावात करता येते, आणि ज्याला कधीच बेटावर जायचे नाही त्या मुलालाही ती उपयोगी पडते. शाळेजवळचे एक झाड किंवा पाणवठा निवडा. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहून कोणती पाखरे आली ते मुलांकडून लिहून घ्या. दोन महिने खंड पडू देऊ नका, आणि काही न दिसलेला दिवसही लिहायला लावा. एक आठवडा प्रत्येकाने दिवसाला दहा लिटर पाण्यात सगळे भागवून पाहावे. सहलीहून आल्यावर मुलांच्या मोज्यांना आणि धोतर-साडीच्या काठाला चिकटलेली बिया-कुसळे गोळा करून कुंडीत पेरा. काय काय उगवते ते पाहिल्यावर बेटाची भीती मुलांना न सांगता कळेल.

आणि खरी उमेदवारी करायची असेल तर आपला कोकण किनारा आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणविसांचे गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी ज्या गावांत अंडी खणून नेत, तिथले गावकरीच आता पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिले समुद्रात सोडतात. हे काम नंतर कोकणातल्या इतर गावांतही पसरले. तिथे महिना-दीड महिना राबलेल्या मुलाला बेटावर काय करायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आमच्या विद्यार्थिनीलाही मी तेच सुचवले. "या वर्षी नको. आधी कोकणात एक हंगाम कर, मग अर्ज कर," असे म्हणालो. ती जराशी हिरमुसली. दहा लिटर पाण्याचा प्रयोग सांगितला तेव्हा मात्र हसली. म्हणाली, "सर, हे तर आमच्याकडं रोजचंच आहे." मला माझी चूक कळली. दुष्काळी भागातल्या मुलीला पाणी जपायला मी काय शिकवणार? ती तयारी तिच्या आईने घागर-घागर मोजून केव्हाच करून घेतली होती. पुढे जानेवारी ते मार्च ती किनाऱ्यावरच्या एका गावी राहिली. परत आली ती काळवंडून, आणि चार वह्या भरून. त्या वह्यांतली पाने अर्जाबरोबर पाठवली, आणि बोलावणे आले. खर्चाचा मोठा भाग तिने वर्षभर शिकवण्या घेऊन जमवला. कर्ज काढले नाही.

ती निघण्याच्या आदल्या रविवारी मी वाडीवर गेलो होतो. अंगणात घोंगडीवर सगळे सामान मांडलेले. वडील चष्मा लावून बुटाची शिवण तपासत होते. पिशवीच्या पट्ट्यात, कापडाच्या दुमडीत, त्यांना एक कुसळ सापडले, माणाच्या माळावरचे. त्यांनी ते सुईने अलगद काढले, तळहातावर घेऊन मला दाखवले आणि चुलीत टाकले.

वर्षापूर्वी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते मी तेव्हा दिले. म्हणालो, "दादा, हिला तिथं कुणाला सांभाळावं लागणार नाही."